संगणकातली अडगळ

गेल्या महिन्यात कादंबरीचे 17वे प्रकरण साठवायला गेलो, तर संगणक म्हणतो, डिस्कवर जागा नाही! बँकेत मुदत सरलेली व्हाउचर्स रद्दीत काढण्यात माझी हयात गेली. पण घाबरून पहिला हात घातला तो स्वतःच्याच जुन्या खर्ड्यांना. 8 खर्डे काढले. जागा होती तेवढीच.

मुलगी हसली. "बाबा, ते अजून रिसायकल बिनमध्येच आहेत. आणि तुमची अख्खी कादंबरी एक एमबीसुद्धा भरत नाही."

हिशेब मांडला. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट. 3 लाख चिन्हांना 9 लाख. खरेच की!

जागा खाल्ली होती विंडोजची नवी आवृत्ती घेताना मागे उरलेल्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरने, आणि लग्नामुंजींच्या दोन-दोनदा उतरवलेल्या व्हिडिओंनी. 'डिस्क क्लीनअप' चालवले, व्हिडिओ एकेक पाहत पुसू लागलो.

एकात नुसते स्वयंपाकघराचे छत दिसते. फोन उलटा धरलेला. मागून हिचा आवाज : "अहो, चालू झालंय का ते?" ती जाऊन 4 वर्षे झाली.

मुलीने तो पेनड्राइव्हवर घेतला. मी म्हटले, दुसरी प्रतही काढ, ती लॉकरमध्ये ठेवू.