ओटी ‘डबल’च, पण कशाच्या डबल?

चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामगाराला पगार विचारला, तर उत्तर बहुधा दोन आकड्यांत मिळतं: “पगार इतका, ओटी धरून इतका.” घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे यांची जुळणी दुसऱ्या आकड्यावर झालेली असते. म्हणून ओव्हरटाइमच्या नियमांत बदल झाला आणि बातमीत ‘दुप्पट दर कायम’ असं वाचलं, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ओटीची रक्कम तीन गोष्टींवर ठरते: ती कितव्या तासापासून मोजायची, दुप्पट कशाची करायची आणि जास्तीत जास्त किती तास करून घ्यायची. दराला हात न लावता यांतली एक गोष्ट जरी बदलली, तरी हातात येणारे पैसे बदलतात.

कितव्या तासापासून?

१९४८च्या कारखाने अधिनियमात दोन मर्यादा होत्या: दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास. यांपैकी कोणतीही एक ओलांडली की वरच्या वेळेला दुप्पट दर. म्हणजे आठवड्याचे ४८ तास भरलेले नसले, तरी एखाद्या दिवशी १२ तास राबलेल्या माणसाचे ३ तास ओटीत धरले जात.

आता चार दिवसांचा आठवडा घेऊ. रोज १२ तास, एकूण ४८. तासाला १०० रुपये धरले आणि रोजची ९ तासांची मर्यादा लावली, तर ३६ तासांचे ३,६०० आणि १२ तासांचे दुपटीने २,४००, मिळून ६,००० रुपये होतात. फक्त आठवड्याची मर्यादा मोजली, तर तेवढ्याच कामाचे ४,८०० रुपये. घाम तेवढाच, पण आठवड्याला १,२०० रुपये कमी. म्हणून ‘आठवड्याचे तास ४८च आहेत’ हे वाक्य अर्धंच खरं सांगतं. रोजची मर्यादा किती आणि तिच्यावरच्या तासांना काय दर, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

दुप्पट कशाची?

सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि तोच सहसा नजरेतून सुटतो. जुन्या कारखाने अधिनियमात ओटीसाठी धरायचं वेतन म्हणजे मूळ पगार आणि कामगाराला लागू असलेले भत्ते. त्यातून बोनस आणि ओटीची रक्कम वगळायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. मात्र ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता वेतनात धरतात. घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता बाहेर राहतात. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची.

एक पगारपत्रक मांडून पाहू. मूळ पगार १०,४००, महागाई भत्ता ४,१६०, घरभाडे ४,१६०, प्रवास २,०८०. एकूण २०,८०० रुपये. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. सगळे भत्ते धरले तर तासाचा दर १०० रुपये आणि ओटीचा २००. फक्त मूळ पगार आणि महागाई भत्ता धरला, तर १४,५६० भागिले २०८, म्हणजे तासाला ७० आणि ओटीला १४०. महिन्यात ४० तास ओटी झाली, तर एका हिशेबाने ८,००० आणि दुसऱ्या हिशेबाने ५,६०० रुपये. दोन्हीकडे दर ‘डबल’च आहे. २,४०० रुपयांचा फरक केवळ व्याख्येतून पडतो.

याला दुसरी बाजूही आहे. जिथे मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकलेलं होतं आणि ओटी त्या लहान आकड्यावरच काढली जात होती, तिथे निम्म्याच्या अटीमुळे पाया वाढू शकतो.

किती तासांपर्यंत?

३ सप्टेंबर २०२५ला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीतली ओटीची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानांसाठी रोजचे ९ तास १० होणार आणि तिमाहीची १२५ तासांची मर्यादा १४४ होणार, असंही ठरलं. कारखान्यांतल्या ओटीसाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे.

१४४ तास म्हणजे महिन्याला ४८, एक आख्खा कामाचा आठवडा. ज्याला जास्त कमवायचं आहे त्याला ही संधी वाटेल, आणि ते समजण्यासारखं आहे. पण दुप्पट दरामागचा हेतू कामगाराला बक्षीस देण्याचा नाही. जादा वेळ मालकाला महाग पडावा, म्हणजे तो आणखी माणसं कामावर घेईल, हा आहे. पाया लहान आणि मर्यादा मोठी झाली की हा धाक ओसरतो. शिवाय ओटीच्या रकमेवर पीएफ कापला जात नाही आणि ग्रॅच्युइटीतही ती धरत नाहीत. वर्षानुवर्षं ओटीवर चाललेल्या घराला निवृत्तीच्या वेळी लहान आकडाच हाती येतो.

कामगाराने काय पाहावं?

पगारपत्रकावर ओटीचे तास आणि दर वेगवेगळे दाखवलेत का, हे आधी पाहा. दराला दोनने भागा, २०८ने गुणा. आलेली रक्कम कोणत्या घटकांची बेरीज आहे, ते लगेच कळतं. पंचिंगच्या वेळा स्वतःच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात तारीख आणि तास आहेत का, ते वाचा. सुपरवायझर असाल तर जास्त सावध राहा: कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिना १८,०००हून जास्त वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. वेतन थकलं तर वेतन संहितेनुसार तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ही तरतूद कामगाराच्या खरोखर उपयोगाची आहे.

संमतीची अट चांगली आहे, पण मूळ पगारात घरभाडं आणि किराणा भागत नसेल, तर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कागदावरच राहते. म्हणून ओटीच्या नियमांवर बोलताना युनियनने आणि सरकारने तासांच्या आधी पायाचा प्रश्न धरायला हवा. आठ तासांच्या पगारात घर चाललं, तरच नवव्या तासाची संमती खरी म्हणता येईल.