घरबसल्या साबणखरेदी : नाव आणि माल

पेढीवर बसणाऱ्या माणसास माल पारखण्याची सवय असते. गूळ तो बोटाने दाबून पाहतो, तेल तळहातावर चोळून हुंगतो. परंतु हल्ली मोबाइलवरून जी खरेदी चालते, तीत हाताचा व नाकाचा काहीच उपयोग नाही. ‘नैसर्गिक’, ‘हस्तनिर्मित’ अशा नावांनी विकले जाणारे साबण व मलमे आपल्या घरी हौसेने मागविली जातात. अशा वेळी नावालाच माल समजण्याची चूक होते.

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन तयार होते. सोड्यावाचून वडी होत नाही. सबब ‘रसायनविरहित साबण’ ही जाहिरातच निरर्थक होय. प्रमाण नीट राखल्यास तयार वडीत सोडा उरत नाही. थंड पद्धतीने केलेली वडी चार ते सहा आठवडे सुकवावी लागते. त्या अवधीत पाणी उडून वजन घटते. म्हणून वडीची किंमत न पाहता शंभर ग्रॅमचा भाव काढावा.

आता मुख्य मुद्दा. खोबरेल जितके नैसर्गिक, तितकीच गुरांची चरबीही नैसर्गिक! ‘नैसर्गिक’ या शब्दात खोटे काही नसते. पण अहिंसेची हमीही नसते. गेल्या दिवाळीत आमच्या मातोश्रींसाठी अशीच एक सुबक पेटी मागविली होती. निम्म्या वड्या संपल्यावर नातीने वेष्टन वाचले. त्यावर ‘सोडियम टॅलोएट’ असे छापले होते, म्हणजे चरबीचा साबण. मातोश्री काही बोलल्या नाहीत. उरलेल्या वड्या त्यांनी मोरीतून उचलून बाहेर ठेवल्या. दोष विक्रेत्याचा नव्हता. त्याने नाव छापले होते. आम्ही ते वाचले नव्हते.

म्हणून काही नावे ध्यानात ठेवावीत. ‘कोकोएट’ म्हणजे खोबरेलापासूनचे, ‘पामेट’ म्हणजे पाम तेलाचे, ‘ऑलिव्हेट’ म्हणजे ऑलिव्हचे. ‘लॅनोलिन’ हे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्य, ‘सेरा आल्बा’ हे मधमाशांचे मेण, तर ‘कार्मिन’ हा किड्यांपासून काढलेला तांबडा रंग. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल वनस्पतीचेही असते, प्राण्याचेही. तेथे विक्रेत्यास लेखी विचारावे. वेष्टनाच्या मागील बाजूचे छायाचित्र दिलेले नसेल, तर ते मिळाल्यावाचून पैसे भरू नयेत.

वनस्पतिजन्य वस्तूही सर्वांस मानवतेच असे नाही. सुगंधी तेलांनी काहींच्या अंगावर पुरळ उठते. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे. पाणी असलेले मलम परिरक्षक द्रव्याशिवाय लवकर नासते.

तक्रारीस कायद्याचा आधार आहे. ई-वाणिज्यविषयक २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रीस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याच्या आत निवारण द्यावयाचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी, आपल्यापैकी जे बंधू स्वतःच हा व्यापार करू लागले आहेत, त्यांस एक विनंती. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अर्देशिर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला, आणि चरबीचा विटाळ मानणाऱ्या घरांतही तो निःशंकपणे गेला. आपणही मालातील प्रत्येक घटक व त्याचे मूळ मराठीत स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक आपल्यासमोर नसले, तरी त्याचा विश्वास आपल्यापाशी ठेव म्हणून असतो.