चाती : सुतापासून लेथपर्यंत

स्वतःच्या आसाभोवती वेगाने फिरणाऱ्या सरळ, सडपातळ दांड्याला चरख्यावर ‘चात’ किंवा ‘चाती’ म्हणतात. तोच दांडा चाकाविना नुसत्या हाताने फिरवला जातो तेव्हा ती टकळी होते, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्याला स्पिंडल हे नाव मिळते आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत पेशीतील एका रचनेला त्याच्यावरून ‘तर्कू’ म्हणतात. क्षेत्रे इतकी निराळी असली तरी चरखा, टकळी आणि यंत्र यांतील चातीचे सारे मोल तिच्या सरळ व स्थिर फिरण्यात असते.

कापसाचे तंतू आखूड असल्यामुळे ते नुसते ओढले तर सुटे होतात, मात्र ओढतानाच पीळ दिला की परस्परांना घट्ट धरून त्यांचे अखंड सूत बनते. टकळीच्या खालच्या भागात बसवलेली चकती आपल्या वजनाने गिरकी टिकवून धरते, वरच्या आकड्यात अडकवलेल्या सुताला त्या गिरकीने पीळ बसतो आणि कातणारी व्यक्ती दुसऱ्या हाताने पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हळूहळू मागे ओढते. हातभर सूत झाले की ते आकड्यातून सोडवून दांडीवर गुंडाळायचे आणि पुन्हा गिरकी द्यायची, असा हा क्रम असतो. दांडी वाकडी असेल तर टकळी डोलते, पीळ कमीजास्त पडतो आणि सूत तुटते.

नाशिकच्या वस्त्रोद्योगाचा एक मोलाचा पुरावा पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 42 असे वर्ष नोंदवलेल्या लेखात नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, एकूण 3000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद केली. 2000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले आणि ते लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा यांसाठी राखले गेले. भारतातील चरख्याचा जुना उल्लेख म्हणून अभ्यासक ज्याकडे बोट दाखवतात तो इसामीचा फारसी ग्रंथ या लेखानंतर कित्येक शतकांनी, 1350 च्या सुमारास दख्खनेत, बहमनी राज्यात लिहिला गेला, हे ध्यानात घेता गोवर्धनच्या मागांना लागणारे सूत टकळीसारख्या हातसाधनांवरच कातले जात असावे, असे मानावे लागते. एका मागाला सूत पुरवण्यासाठी अनेक हात राबत असत, तरी लेखात स्थान मिळाले ते विणकरांनाच.

चरख्यात मोठ्या चाकाची माळ, म्हणजे दोरी, छोट्या चातीवरून जात असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात चातीचे अनेक फेरे होतात. इंग्लंडमध्ये हारग्रीव्ह्जने 1764 च्या सुमारास एका यंत्रावर आठ चात्या बसवल्या, तर जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने पुढे रिंग पद्धतीच्या चात्या स्वीकारल्या. या पद्धतीत कड्यावरून धावणाऱ्या तारेच्या लहान तुकड्यामुळे पीळ देणे आणि गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. सूतगिरणीची क्षमता आजही चात्यांच्या संख्येवरूनच सांगितली जाते आणि मालेगावच्या यंत्रमागांचे कापड अशाच गिरण्यांच्या सुतावर उभे असते.

लेथमध्ये स्पिंडल बेअरिंगच्या आधाराने फिरतो. त्याच्या तोंडाशी बसवलेला चक ‘जॉब’ला, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्याला, पकडून फिरवतो आणि टूल त्यावरून धातू कापते, तर मिलिंग यंत्रात स्पिंडलच टूलला फिरवतो. फिरताना तो आसापासून जितका ढळतो त्याला कारागीर ‘रनआउट’ म्हणतात आणि डायल गेजच्या काट्यावर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, प्रसंगी त्याहूनही बारकाईने मोजतात, कारण इथला दोष थेट जॉबवर उमटतो. पेशीतील तर्कू मात्र फिरत नाही. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता अशा आकारामुळे, म्हणजे सूत भरलेल्या चातीशी असलेल्या साम्यामुळे, त्याला हे नाव मिळाले असून त्याचे तंतू विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेतात.

1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर आकाराला आलेल्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीने टकळी शाळेत आणली ती हस्तोद्योगातून ज्ञान मिळावे म्हणून. त्याच धर्तीवर नाशिकच्या तंत्रशिक्षण संस्थांनी लेथच्या पहिल्या धड्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती टकळी दिली, तर आस ढळल्याने काय बिघडते हे त्यांच्या बोटांना कळेल आणि पांडवलेण्यांतील लेखात नोंद न झालेल्या कातणाऱ्यांचे कौशल्य किती सूक्ष्म होते याचीही जाण येईल.