हेंड्रिक्स पहिला, पण काब्रा कुठे?

सर्वश्रेष्ठ गिटारवादकांचा वाद निघाला की जिमी हेंड्रिक्सचं नाव येतंच. रोलिंग स्टोन मासिकाने २००३ मध्ये त्याला पहिला क्रमांक दिला, २०२३ मध्येही. मला तो मान्य आहे. पण माझ्या यादीत ब्रिजभूषण काब्रा फार वर आहेत. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवत त्यांनी मींड काढली, रागाचा आलाप वाजवला! १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम ऐकाच: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार. माझ्या यादीत भूपिंदर सिंगही आहेत. त्यांना गायक म्हणून सगळे ओळखतात, पण ‘दम मारो दम’ गाण्यातली गिटार त्यांचीच. तुमचे पहिले तीन कोण? नावासोबत एक ध्वनिमुद्रणही सुचवा, लोकलमध्ये ऐकेन.