तैलरंगातले व्यक्तिचित्र, लेखांक ६ : नक्कल करायची ती कशाची?

मागच्या लेखांकात आपण कॅनव्हासवरचे अस्तर आणि पहिला पातळ थर पाहिला. पुढची पायरी म्हणून थोर चित्रकाराच्या चित्राची नक्कल करावी का, हा वाद जुना आहे. माझ्या मते जरूर करावी. मात्र नक्कल चेहऱ्याची नको, चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांची हवी. पुणेकरांना त्यासाठी लांब जायला नको. १९६८ साली सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन तैलचित्रे रंगवली, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. माणूस तोच, चित्रकार तोच. दोन्हींतला डोळ्यांपासून ओठांपर्यंतचा भाग शेजारी शेजारी रंगवून पाहावा. नटाचे मूळ काय राहिले आणि भूमिकेने काय बदलले, कोणती कडा ठाम ठेवली आणि कोणती विरघळू दिली, हे नुसते पाहताना निसटते. रंगवताना ब्रश अडतो, तेव्हा कळते.

तैलचित्र थराथराने उभे राहते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचे तेल अधिक. क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. जुन्या परंपरेत सावल्या बहुधा पातळ आणि उजेड जाड असतो. छापील प्रतीत किंवा मोबाइलवर ही जाडी दिसतच नाही. गालाकडून जबड्याकडे वळणारी सावली तिथे तपकिरी पट्ट्यासारखी भासते. विद्यार्थी बर्न्ट अंबरचा तसाच पट्टा ओढतो आणि गाल सपाट होतो. मूळ चित्रासमोर जरा तिरके उभे राहिले, तर उजेड आणि सावली यांमधला करडा टोन आणि त्यावरून फिरलेला ब्रश शोधता येतो. रंगमंदिरात ईझल मांडून कोण बसू देईल, ही अडचण खरी आहे. पण टोनच्या नोंदी वहीत पेन्सिलीने करता येतात. रंगकाम घरी करावे, छापील प्रत फक्त रेखाटनापुरती वापरावी.

नकलेने हात दुसऱ्याचा होतो, असे म्हणतात. पेस्तनजी बोमनजींचे उदाहरण याच्या विरुद्ध जाते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. पेस्तनजी त्या कामातले प्रमुख. तरीही पारशी घरांतली त्यांची शांत चित्रे पाहा, त्यांत अजिंठ्याची रेषा नाही. रूबेन्सने तर पन्नाशी ओलांडल्यावर माद्रिदमध्ये तिशियनच्या प्रती केल्या, आणि तो रूबेन्सच राहिला. हात बिघडतो तो न विचारता केलेल्या नकलेने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : समोर जिवंत माणूस असताना चित्रावरून का शिकायचे? जुने चित्र उत्तर दाखवते, प्रश्न दाखवत नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणून एका आठवड्यात प्रत आणि पुढच्या आठवड्यात तशाच उजेडात बसवलेले मॉडेल, असा क्रम मला योग्य वाटतो. मॉडेल हलते, उजेड सरकतो, आणि मग देऊसकरांनी काय गाळले असेल याचा अंदाज येऊ लागतो.

नक्कल म्हणजे चोरी, या आरोपावर व्यवहारी तोड आहे. पॅरिसच्या लूव्रमध्ये मूळ चित्राच्या मापाची प्रत करू देत नाहीत. आपणही माप बदलावे, कॅनव्हासच्या मागे ‘देऊसकरांच्या चित्रावरून’ असे लिहावे आणि खाली स्वतःचे नाव व तारीख घालावी.