धूळ मोजणारा पाइप

श्टुटगार्ट शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसलं आहे. वारा कमी, मोटारी अमाप. नेकारटोर चौकातली हवा तर जर्मनीभर बदनाम झालेली. हवा कोंडली की ‘गाडी घरीच ठेवा’ असं आवाहन करणारा धूलिकणांचा इशारा तिथे २०१६च्या जानेवारीपासून २०२०पर्यंत दिला जात असे. पण सरकारी मोजणी केंद्रं मोजकीच, आणि आपल्या खिडकीखालची हवा कशी आहे हे त्यांच्यावरून कळत नाही. म्हणून २०१५मध्ये ‘ओके लॅब श्टुटगार्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने कुणालाही घरी जोडता येईल असं यंत्र तयार केलं आणि त्याचा आराखडा, फर्मवेअर सगळं खुलं करून टाकलं. ‘लुफ्टडाटेन’ या नावाने सुरू झालेलं हे काम आता ‘सेन्सर कम्युनिटी’ म्हणून जगभर पसरलं आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत. त्यांचं यंत्र आपल्या दमट हवेत किती खरं बोलतं, ते बांधूनच बघ, असं संपादकांनी सुचवलं.

सामान लॅमिंग्टन रोडवर मिळतं. नोडएमसीयूचा बोर्ड, तापमान आणि आर्द्रता सांगणारा सेन्सर, जंपर वायरी, आणि ज्याच्यावर सगळी भिस्त तो एसडीएस ०११ हा धूलिकण-सेन्सर. पावसापासून आडोसा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे दोन एल्बो एकमेकांत बसवायचे आणि तोंडं खाली करून खिडकीबाहेर टांगायचे. किडे आत शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी.

मला गुंतवून ठेवलं ते एसडीएस ०११ने. त्यातला चिमुकला पंखा बाहेरची हवा एका अंधाऱ्या कप्प्यात ओढतो. तिथे लेझरचा झोत असतो. दुपारच्या कवडशात धूळ तरंगताना दिसते, तसा झोतात आलेला कण उजेड विखुरतो आणि बाजूचा फोटोडायोड ती चमक टिपतो. चमक केवढी, त्यावरून कणाचा आकार. चमका किती, त्यावरून कणांची संख्या. आणि या दोन्हींवरून घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ असेल याचा अंदाज. वजन इथे कुणी करतच नाही.

मग तो अंदाज दहा बाइटच्या निरोपातून बोर्डाकडे जातो. निरोपाच्या सुरुवातीला ‘एए’ आणि निरोपाचा प्रकार सांगणारा एक बाइट, शेवटी ‘एबी’. मध्ये पीएम २.५चे, म्हणजे बारीक कणांचे, दोन बाइट, पीएम १०चे, म्हणजे जाड कणही धरून, दोन, सेन्सरच्या ओळखीचे दोन, आणि या सहांच्या बेरजेचा एक. बेरीज जुळली नाही तर निरोप रद्द. एवढ्या स्वस्त वस्तूने पाळलेली ही शिस्त पाहून मन भरून येतं. मात्र बेरीज जुळली म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही, इतकंच. मुळातला आकडा बरोबर आहे की नाही, हे ती सांगत नाही.

लेझरचं आयुष्य साधारण ८,००० तास. सतत चालवला तर वर्षही निघायचं नाही. म्हणून फर्मवेअर त्याला बराच वेळ झोपवून ठेवतं. दर १४५ सेकंदांच्या फेरीत उठवायचं, पंखा थोडा फिरू द्यायचा, मोजायचं आणि पुन्हा बंद.

बोर्डाचा दिवा लागला, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेना. ड्रायव्हर टाकून झाला, पोर्ट बदलून झालं. शेवटी आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बोर्डाला हातही लावला नाही. मीटर काढला, केबलची दोन्ही टोकं तपासली. ‘दादा, हिच्यात दोनच तारा आहेत. चार्जिंगची केबल आहे ही. हिच्यातून करंट जातो, डेटा नाही.’ दुसरी केबल लावली आणि काम झालं. पुढे वायफाय लागेना, तेव्हा राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करून द्यायलाही तोच आला. बोर्डावरच्या चिपला दुसरा पट्टा कळतच नाही. सेन्सरच्या वायरी सैल आहेत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने न विचारता सोल्डरचे डाग मारून दिले. अशी माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणूनच असली यंत्रं आपल्याकडे रुजू शकतात असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण पुढे आली. पहाटे रस्ता रिकामा असताना आकडा चढायचा आणि उन्हं वर आली की उतरायचा. कारण दमट हवा. समुद्राचं मीठ, धुरातले सल्फेट आणि नायट्रेट पाणी शोषून फुगतात; लेझरला ते फुगलेले कण दिसतात आणि तो त्यांना धूळच समजतो. सरकारी केंद्रांतली यंत्रं हवा आधी तापवून कोरडी करतात, आपल्या पाइपात तशी सोय नाही. सेन्सरच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा ७० टक्के दिली आहे, आणि मुंबईचा पावसाळा ती दिवसचे दिवस ओलांडून असतो. पीएम २.५साठी भारताची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. अशा काठावरच्या निवाड्यासाठी हे यंत्र साक्षीला उभं करता येत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहायची, ओल्या वेळच्या नोंदी वेगळ्या काढायच्या, आणि जमेल तर सरकारी केंद्राजवळ काही आठवडे यंत्र ठेवून ऋतूनुसार फरक काढायचा, हाच उपाय. एवढं केलं की कोरड्या दिवसांत संध्याकाळी कोपऱ्यावर कचरा पेटवला जातो, ती वेळ आलेखात स्पष्ट उमटते. तक्रार घेऊन जाणाऱ्याच्या हातात निदान वार आणि वेळ असते.

दुसरी खोट मला जास्त काळजीची वाटते. एसडीएस ०११ला बारीक धूर चांगला कळतो, जाड धूळ फार कमी. पीएम १०चा आकडा तो छापतो खरा, पण बराचसा बारीक कणांवरूनच रचलेला. मुंबईत तर सिमेंट, वाळू, पाडकाम यांची जाड धूळच अंगणात येऊन पडते. समोर इमारत पाडली जात असेल आणि पाइपातला आकडा शांत असेल, तर हवा स्वच्छ आहे असा अर्थ कुणी काढू नये. महापालिकेने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये काढलेल्या नियमांत बांधकामांच्या जागी सेन्सरवर चालणारी मोजणी यंत्रं बसवायला सांगितलं आहे. बांधकामाभोवतीच्या पत्र्यांआडच्या त्या यंत्रांत कुठला सेन्सर आहे, त्याला जाड धूळ दिसते का आणि तो कशाशी ताडून पाहिला आहे, हे शेजारच्या इमारतीतल्या रहिवाशांनी लेखी विचारायला हवं.