प्रश्न वाचकाचा, उलटप्रश्न ग्रंथपालाचा

माझे गाव पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, महाविद्यालय महाडला. शेवटचा तास संपणे आणि परतीची एस.टी. सुटणे यांत जेमतेम वीस मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात ग्रंथालयात पुस्तक बदलून होते; शंका विचारणे राहून जाते. शिवाय रांगेतील चारचौघांसमोर ‘मला हे समजत नाही’ असे म्हणायला धीर लागतो. खरी अडचण उभी राहते ती रात्री नऊ वाजता, वही उघडल्यावर. आणि तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते.

या अडचणीवर एक उपाय आपल्या हातातच आहे. भ्रमणध्वनीवर आपण मित्रमैत्रिणींशी ज्या लेखी गप्पा मारतो, ज्यांना ‘चॅट’ म्हणतात, त्यांतूनच ग्रंथालयाची संदर्भसेवाही देता येते.

संदर्भसेवा म्हणजे वाचकाला नेमकी माहिती, अथवा ती जेथे मिळेल ती जागा, शोधून देणे. ही कल्पना नवी नाही. १८७६ साली अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी ग्रंथपालाने वाचकाला जातीने मदत करावी, असा विचार मांडला. आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाच्या वेळेचे मोल जाणणारे आहे. पुढे संगणक आले. २००२ साली अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने ओसीएलसी या ग्रंथालय संस्थेच्या सहकार्याने ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सेवा सुरू केली. वाचकाने घरून प्रश्न पाठवायचा आणि सहभागी ग्रंथालयांपैकी कोणीतरी उत्तर द्यायचे, अशी ती योजना होती.

परंतु या सेवेचे मर्म यंत्रात नाही, हे मला अनुभवाने कळले. प्रकल्पाच्या वेळी मी आमच्या ग्रंथपाल सरांना भीत भीत व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘सर, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची माहिती हवी.’ मला वाटले, एखाद्या पुस्तकाचे नाव येईल. आला तो उलट प्रश्न : ‘कोणत्या भागाची? मार्चची परिषद, डिसेंबरची परिषद, की कोर्टाचा दावा?’

मी गोंधळले. तळ्याचे पाणी पिणे आणि मनुस्मृतीचे दहन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, अशी माझी समजूत होती. सरांनी चार ओळींत उलगडा केला. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. मग त्यांनी विचारले, ‘किती पाने लिहायची आहेत? इंग्रजी वाचता येईल ना?’ त्यानंतरच शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सतराव्या खंडाचा पहिला भाग आणि ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे अंक पाहण्यास सांगितले.

हा उलटप्रश्न म्हणजेच संदर्भसेवेचा प्राण होय. वाचक जे विचारतो तेच त्याला हवे असते असे नाही. समोरासमोर बोलताना चेहऱ्यावरून ग्रंथपालाला ते उमगते. चॅटमध्ये चेहरा दिसत नाही, म्हणून विचारून घ्यावे लागते. उलट एक फायदाही आहे. उत्तर लेखी राहते, पुन्हा वाचता येते, आणि आमच्या डोंगरात रेंज गेली तरी ती आली की निरोप पोहोचतो. अलीकडे प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रेही आली आहेत. पण ती कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही छातीठोकपणे सांगतात. पुस्तक हाती धरून पान उघडणारा माणूस म्हणूनच हवा.

मात्र ही सेवा एका ग्रंथपालाच्या सौजन्यावर अवलंबून राहू नये. ग्रंथालयाचा स्वतंत्र क्रमांक असावा, सायंकाळचे दोन तास ठरलेले असावेत, आणि त्या तासांची गणना ग्रंथपालांच्या कामात व्हावी. विचारणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. संपूर्ण पुस्तकाची छायाचित्रे मागू नयेत. स्वामित्वहक्काचा कायदा आहे. आणि तयार निबंध तर मुळीच मागू नये!

महाडकरांना हे वेगळे सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तळ्यापर्यंत पोहोचायला १९२७ साल उजाडावे लागले. त्या लढ्याची तुलना माझ्या लहानशा अडचणीशी करण्याचे धाडस मी करणार नाही. पण कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्ष पोहोचता येणे यांतील अंतर त्या तळ्याने आपल्याला शिकवले आहे. ग्रंथालयाच्या दारावर ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी असते. परतीची गाडी पकडणाऱ्या मुलीसाठीही ती पाटी खरी ठरावी, एवढीच अपेक्षा.